मिडल रिलिव्हरवर भरवसा ठेवायचा तरी कसा?

लोकल_डॉजर

मंडळी, क्रिकेटच्या धाग्यावर मागे दोन-चार बेसबॉलवेडे सापडले होते त्यांच्यासाठी हा वेगळा धागा, बाकीच्यांनी पण या, कोणी हाकलणार नाही.

मी ओतानी या जपानी खेळाडूमुळे लॉस एंजेलिसची डॉजर्स टीम बघायला लागलो. त्यांच्या घरच्या रात्रीच्या मॅचेस आपल्याकडे सकाळी पावणेआठच्या आसपास सुरू होतात, त्यामुळे पहिल्या तीन-चार इनिंग आंघोळ-नाश्ता-डबा यात जातात आणि स्टार्टर (मॅच सुरू करणारा पिचर, म्हणजे बेसबॉलचा बॉलर) बाहेर जायची वेळ येते तेव्हा मी डोंबिवलीहून सुटलेल्या फास्टमध्ये, एक हात वरच्या कडीला, दुसऱ्यात मोबाईल. आणि नेमकं तेव्हाच बुलपेनचं दार उघडतं, एखादा दाढीवाला धावत येतो, पहिल्याला वॉक (चार बॉल बाहेर टाकून फुकटात बेस), दुसऱ्याचा सिंगल, तिसऱ्याचा होमरन, म्हणजे ठाण्याला ५-२ असलेली मॅच घाटकोपर येईपर्यंत ५-५. शेजारच्याला वाटतं याच्या घरी काहीतरी झालंय.

तर प्रश्न असा की हे मधल्या इनिंगवाले एवढे बेभरवशाचे का असतात? ब्लेक ट्राइनेन २०१८ मध्ये ओकलंडकडून ०.७८ ईआरए (नऊ इनिंगमागे सरासरी दिलेले रन, कमी तेवढा चांगला), २०१९ मध्ये तोच माणूस तीच टीम ४.९१. कर्बी येट्स २०२४ मध्ये टेक्सासला १.१७, डॉजर्सकडे आला २०२५ मध्ये आणि ५.२३. टॅनर स्कॉट २०२४ ला १.७५, त्याला चार वर्षांचे ७ कोटी २० लाख डॉलर दिले आणि पहिल्याच वर्षी ४.७४. तो क्लोजर म्हणून आणला होता म्हणा, पण गोत्र तेच. स्टार्टरचं असं होत नाही, म्हणजे होतं, पण इतकं नाही, निदान मला तरी तसं दिसत नाही.

ऑफिसात आमची फँटसी लीग आहे, होल्डला (लीड न घालवता पुढच्या पिचरच्या हाती मॅच दिल्याबद्दल रिलिव्हरच्या नावावर लागतो तो) पण पॉइंट आहेत, आणि सगळेच ड्राफ्टला गेल्या वर्षीचा ईआरए बघून रिलिव्हर उचलतात आणि मे उजाडेपर्यंत अर्धे गळपटलेले असतात. आपण चुकीचा आकडा बघतोय का? की हे लोक खरंच असेच? आणि असेच असतील तर एवढ्या हुशार टीम्स त्यांच्यावर पैसे का ओततात?

कुर्ल्याचा_कौल

वाचतोय. ते बुलपेन म्हणजे नक्की काय आणि मिडल रिलिव्हर कोणाला म्हणायचं ते कोणी दोन ओळीत सांगेल का, म्हणजे पुढचं डोक्यात शिरेल.

स्लायडर_दादर

@कौल, बुलपेन म्हणजे मैदानाच्या कडेला बदली पिचर हात गरम करतात ती जागा, आणि त्या सगळ्या बदली पिचर्सना मिळून पण बुलपेनच म्हणतात. मॅच सुरू करतो तो स्टार्टर, हल्ली पाच-सहा इनिंगनंतर त्याला काढतात कारण तेच बॅटर तिसऱ्यांदा समोर आले की त्याला जास्त चोपतात. नववी इनिंग क्लोजरची, आठवी बहुतेक सेटअपवाल्याची. मधली जी काय एक-दोन-तीन इनिंग उरतात ती मिडल रिलिव्हरची. नाव कोणाला माहीत नसतं, फक्त शिव्या घालायच्या वेळी आठवतं.

आता लोकल_डॉजर तुझा प्रश्न. आधी भागाकार बघ. ईआरए म्हणजे पिचरच्या खात्यावरचे अर्न्ड रन (फिल्डरच्या चुकीने आलेले सोडून) गुणिले ९ भागिले इनिंग. दणकट स्टार्टर सीझनला १८० इनिंग टाकतो, मिडल रिलिव्हर ६०च्या आसपास. दोघांचाही ईआरए ३.०० धर, म्हणजे एकाने ६० रन दिलेत, दुसऱ्याने २०. आता दोघांच्याही वाट्याला दोन-दोन भिकार रात्री घाल, दर वेळी एकच आउट आणि पाच रन. स्टार्टर ३.४९ वर जातो, कोणाला पत्ताही लागत नाही. रिलिव्हर ४.४५ वर जातो आणि लोक म्हणतात संपला हा. १६२ मॅचच्या सीझनमध्ये दोन रात्री! बाकी सगळ्या रात्री त्याने चोख काम केलेलं असू शकतं.

दुसरी गोष्ट जी टीव्हीवर कोणी नीट सांगत नाही ती म्हणजे रन कोणाच्या नावावर लागतात. सातवी इनिंग, दोन आउट, तुझा माणूस दोन जण बेसवर ठेवून बाहेर जातो. नवीन पिचर येतो, पहिलाच बॉल स्टँडमध्ये. तीन रन झाले, त्यातले दोन तुझ्या माणसाच्या खात्यावर, जो डगआउटमध्ये पाणी पीत बसलाय, कारण ते रनर त्याने चढवले होते. उलटं पण होतं. बेस भरलेले, दोन आउट, एक जण आत येतो, सिंगल देतो, दोन रन, मग तिसरा आउट. ते दोन्ही रन आधीच्याच्या नावावर आणि हा पठ्ठ्या ०.०० घेऊन घरी जातो. स्टार्टर बहुतेक वेळा रिकाम्या बेसवर इनिंग सुरू करतो, मधले लोक कायम दुसऱ्याचा पसारा आवरत असतात नाहीतर आपला पसारा दुसऱ्यावर टाकत असतात, त्यामुळे ईआरए हा आकडा त्यांच्यासाठी मुळातच वाकडा आहे.

तिसरं नशीब. २००१ मध्ये व्होरोस मॅक्रॅकनने मांडलं की एकदा बॉल बॅटला लागून मैदानात गेला की त्याचा हिट होणार की आउट यावर पिचरचा ताबा लोकांना वाटतो त्यापेक्षा फार कमी असतो. तेव्हा बरीच आरडाओरड झाली, पण मुद्दा टिकला. साधारण असे दहातले तीन बॉल हिट होतात. साठ इनिंगमध्ये रिलिव्हरचे असे दीडशेच्या आसपास बॉल मैदानात जातात, त्यातले आठ-दहा शॉर्टस्टॉपच्या (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला फिल्डर) हातात जायच्याऐवजी त्याच्या बाजूने गेले की सीझन बोंबलला. म्हणून फिप बघायचं, त्यात मुख्यतः स्ट्राईकआउट (तीन स्ट्राईक होऊन बॅटर आउट), वॉक आणि होमरन हेच धरतात, फिल्डिंग आणि नशीब बाजूला ठेवतात.

थोडक्यात माणूस तेवढा बदलत नाही जेवढा आकडा बदलतो.

मीनल_पार्ले

स्लायडर, हिशोब बरोबर आहे पण अर्धाच आहे. सगळं नशिबावर ढकललंस तर मग यांकीजच्या मारियानो रिवेराचं काय करायचं, तो काय एकोणीस सीझन लॉटरी जिंकत होता?

मला वाटतं आधी हे बघायला हवं की मिडल रिलिव्हर होतो कोण. कोणी शाळेत असताना ठरवत नाही की मी मोठा होऊन सहावी इनिंग टाकणार. बरेचसे फसलेले स्टार्टर असतात, तिसरा पिच (बॉलचा तिसरा प्रकार) जमला नाही, किंवा पाच इनिंग ताकद टिकत नाही, मग त्यांना सांगतात तू एकच इनिंग टाक पण जीव तोडून टाक. रिवेरा स्वतः १९९५ मध्ये बराच काळ स्टार्टर होता आणि ईआरए ५.५१ होता. १९९६ मध्ये यांकीजने त्याला क्लोजर वेटलँडच्या आधी टाकायला लावलं, १०७ इनिंगच्या वर टाकल्या त्याने, २.०९ ईआरए, सर्वोत्तम पिचरच्या साय यंग पुरस्काराच्या मतदानात तिसरा. बरं मग पुढे काय झालं? १९९७ पासून क्लोजर! म्हणजे मधल्या इनिंगमधला जो खरोखर भरवशाचा निघतो तो मधल्या इनिंगमध्ये राहतच नाही, त्याला बढती मिळते. उरतात ते कोण, तर जे अजून सिद्ध झालेले नाहीत किंवा जे उतरणीला लागलेत. मग आपण म्हणतो मिडल रिलिव्हर बेभरवशाचे. अहो, भरवशाचे होते ते वर गेले ना!

वेड डेव्हिसचं पण तेच. २०१३ मध्ये कॅन्सस सिटीत बहुतांश स्टार्टर म्हणून ५.३२. २०१४ मध्ये रिलीफमध्ये गेला, ७२ इनिंग, ईआरए १.००, आणि अख्ख्या नियमित सीझनमध्ये एकही होमरन नाही. पुढच्या वर्षी ०.९४ आणि टीम वर्ल्ड सिरीज जिंकली. हरेरा, डेव्हिस, हॉलंड, सातवी आठवी नववी, सहाव्या इनिंगला लीड असली की समोरच्यांनी सामान आवरायला घ्यायचं अशी परिस्थिती होती. तेव्हा सगळ्या लीगला वाटायला लागलं की हे विकत घेता येतं.

आणि इथे तुझ्या पैशांच्या प्रश्नाचं उत्तर आहे लोकल_डॉजर. २०१७-१८ च्या हिवाळ्यात कोलोराडो रॉकीजने तीन रिलिव्हरवर मिळून १० कोटी ६० लाख डॉलर लावले. डेव्हिसला तीन वर्षांचे ५ कोटी २० लाख, ब्रायन शॉ आणि जेक मगी यांना प्रत्येकी २ कोटी ७० लाख. २०१८ मध्ये शॉ ५.९३, मगी ६.४९. डेव्हिसने ४३ सेव्ह (लीड टिकवून मॅच संपवणं) केले पण ईआरए ४ च्या वर, आणि २०१९ मध्ये ८.६५!! आता यात डेन्व्हरचा हात आहेच, समुद्रसपाटीपासून मैलभर उंचावर हवा विरळ, बॉल लांब जातो आणि ब्रेकिंग बॉल हवा तेवढा वळत नाही. पण हे रॉकीजना माहीत नव्हतं का, त्यांचं स्वतःचं घर आहे ते.

शॉबद्दल एक बघण्यासारखं आहे. त्याआधीची पाच वर्षं क्लीव्हलंडमध्ये त्याला जवळजवळ रोज वापरलेलं, २०१७ मध्ये तर ७९ मॅच. ‘हा कधीही टाकतो, कधी दुखत नाही’ म्हणून त्याला पैसे मिळाले, आणि ज्या गोष्टीसाठी पैसे मिळाले त्या गोष्टीनेच तो झिजला असं माझं मत.

आणि मगी? २०२० मध्ये रॉकीजने त्याला उरलेल्या कॉन्ट्रॅक्टसकट सोडून दिला. डॉजर्सने फुकटात उचलला, २.६६ ईआरए, वर्ल्ड सिरीजची अंगठी. पुढच्या वर्षी सॅन फ्रान्सिस्कोसाठी ३१ सेव्ह. तर सांगा आता, माणूस बदलला की आकडा?

स्लायडर_दादर

मगीचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे मॅडम :) धन्यवाद.

गिरगावचा_गोलंदाज

मी बेसबॉल उशिरा बघायला लागलो, नातवाबरोबर. आयुष्यभर मैदानांवर क्रिकेट खेळलो, त्यामुळे तुमचे फिप-बिप माझ्या डोक्यावरून जातात, पण एक सांगतो. टी-ट्वेंटीत शेवटच्या चार ओव्हर टाकणाऱ्याची इकॉनॉमी तुम्ही पॉवरप्लेवाल्याशी कधी लावत नाही, तसंच हे. कोण कधी आला, कुठल्या परिस्थितीत आला, आधीच्या दिवशी किती टाकून आला हे न बघता नुसता आकडा काय चाटायचाय?

आणि थकवा. हे लोक रोज बुलपेनमध्ये हात गरम करतात. फोन वाजतो, उठ, टाकायला लाग, मग मॅनेजरचा विचार बदलतो, बस खाली. पुन्हा फोन, पुन्हा उठ. ते बॉल कुठल्याच स्कोअरकार्डात येत नाहीत. पण खांद्याला ते माहीत असतात.

२०२० ची वर्ल्ड सिरीज, सहावी मॅच, नातवाने मला मुद्दाम पूर्ण दाखवली. टॅम्पा बे १-० ने पुढे. ब्लेक स्नेल असा टाकत होता की बघत राहावं, ७३ बॉल, ९ स्ट्राईकआउट, एक वॉक नाही. डॉजर्सचे वरचे तीन बॅटर त्या रात्री त्याच्यासमोर सहा वेळा आले आणि सहाही वेळा स्ट्राईकआउट. सहाव्या इनिंगमध्ये एक आउट, बार्न्सने सिंगल काढला, तो स्नेलने दिलेला दुसराच हिट, आणि मॅनेजर केव्हिन कॅश चालत आला. स्नेलचा चेहरा बघा एकदा, तोंडातून काय निघालं ते इथे लिहिता येणार नाही. का काढलं? तर तेच, बॅटर तिसऱ्यांदा येतायत. आणला कोणाला, निक अँडरसनला. नियमित सीझनमध्ये त्याचा ईआरए ०.५५, कागदावर याहून चांगला माणूस नाही. पण त्याआधीच्या सलग सहा प्लेऑफ मॅचमध्ये त्याने रन दिलेले, चेहऱ्यावर दिसत होतं की टाकीत काही उरलेलं नाही. बेट्सचा डबल, मग वाइल्ड पिच (कॅचरला न अडवता आलेला बॉल), बरोबरी, मग सीगरचा ग्राउंडर आणि बेट्स घरी. मॅच गेली, सिरीज गेली. पुढच्या वर्षी अँडरसन कोपराच्या दुखापतीने बहुतेक सीझन बाहेर.

कागदावर निर्णय बरोबर असेलही. मला विचाराल तर ढळढळीत चूक, डोळे उघडे ठेवून बघायची गोष्ट होती ती.

मीनल_पार्ले

काका, अँडरसनला त्या दिवशी आणायला नको होतं याला अनुमोदन, पण त्यात आकडे विरुद्ध डोळे असं काय आहे? सलग सहा मॅचमध्ये रन, हा पण आकडाच आहे. कॅशने जुना आकडा पकडून ठेवला, ताजा सोडला. आणि बघा ना, बार्न्सचा रन लागला कोणाच्या नावावर? स्नेलच्या! अँडरसनने फक्त एक दिला असं स्कोअरकार्ड म्हणतं.

क्रिकेटशी तुलना मात्र इथे थोडी लंगडी पडते. तुमचा बॉलर पहिल्या स्पेलला मार खाल्ला तरी शेवटी परत आणता येतो. इथे एकदा काढला की त्या मॅचपुरता संपला. म्हणून मॅनेजरला आणि पिचरला दोघांनाही सावरायला वेळच नसतो. शिवाय २०२० पासून नियम आहे की आलेल्या रिलिव्हरने निदान तीन बॅटर तरी खेळवायचे किंवा इनिंग संपवायची, दुखापत सोडून. पूर्वी एका डावखुऱ्या बॅटरसाठी एक डावखुरा पिचर आणायचा, एक आउट, टाळ्या, परत. त्या लोकांचे ईआरए किती गोंडस दिसायचे. आता तो आडोसा गेला.

गिरगावचा_गोलंदाज

ताजा आकडा म्हणजेच डोळे गं. तू त्याला आकडा म्हण, मी डोळे म्हणतो. पण दुसऱ्या स्पेलचा मुद्दा पटला.

लोकल_डॉजर

भारी चाललंय. काका, तो स्नेल आता आमच्याकडेच आहे बरं का :)

तर मग मी समजतोय ते असं की ईआरए सोडा, स्ट्राईकआउट आणि वॉक बघा, आणि थकलाय का ते बघा. पण होल्डचं काय? आमच्या लीगमध्ये होल्डला सेव्हच्या निम्मे पॉइंट आहेत आणि त्यावरच मारामारी असते. आणि एप्रिलमध्ये ओळखायचं कसं की हा नुसता दुर्दैवी आहे की खरंच गेला?

स्लायडर_दादर

होल्ड हा सगळ्यात फसवा आकडा. १९८६ मध्ये मिडल रिलिव्हरच्या पदरात काहीतरी पडावं म्हणून काढला, अधिकृत नियमपुस्तकात सेव्ह आहे, होल्ड अजूनही नाही. तीन रनची लीड असताना आला, एक आउट घेतला, दोन रन दिले आणि लीड असतानाच बाहेर गेला, तरी होल्ड मिळतो. त्याचा त्या रात्रीचा ईआरए ५४.०० आणि वर बक्षीस. तेव्हा होल्ड हवे असतील तर पिचर चांगला आहे का हे कमी बघ आणि मॅनेजर त्याला लीड असताना सातवी-आठवी देतो का हे जास्त बघ.

एप्रिलचं म्हणशील तर मी पहिलं फास्टबॉलचा वेग बघतो, गेल्या एप्रिलशी लावून, गेल्या सप्टेंबरशी नाही, कारण थंडीत सगळेच थोडे हळू असतात. वेग तोच, स्ट्राईकआउट तेवढेच, वॉक वाढलेले नाहीत आणि तरी ईआरए ६ असेल तर डोळे मिटून ठेवून घे. स्ट्राईकआउटचं प्रमाण लवकर खरं बोलायला लागतं, वॉकचं त्याहून उशिरा, आणि मैदानात पडलेल्या बॉलचं तर रिलिव्हरच्या एका सीझनमध्ये काहीच कळत नाही. वेग उतरला आणि वॉक वाढले तर मात्र दुखणं लपवतोय असं समज, ईआरए १.५ असला तरी सोडून दे.

मीनल_पार्ले

आणि ऑप्शन बघ रे. ज्याला मायनरला (खालच्या लीगला) पाठवता येतं त्याला टीम दोन दिवस जास्त टाकायला लावून खाली पाठवते आणि ताजा हात वर आणते, त्याची काही चूक नसते. एका सीझनमध्ये पाचदाच पाठवता येईल अशी मर्यादा २०२२ पासून घातली, म्हणजे आधी काय चालत असेल बघ. फँटसीत असल्या माणसाचा काही उपयोग नाही, आज आहे उद्या ओक्लाहोमातल्या खालच्या टीममध्ये.

पण खऱ्या मॅचमध्ये? २०२५ च्या वर्ल्ड सिरीजची तिसरी मॅच आठव, मंगळवारी पहाटे साडेपाचच्या सुमारास चालू झालेली आणि दुपारचे बारा वाजून गेले तरी चालूच, अठरा इनिंग. डॉजर्सच्या बुलपेनमध्ये उरला होता विल क्लाइन, असाच वर-खाली ये-जा करणारा. चार इनिंग, ७२ बॉल, शून्य रन. मग फ्रीमनने होमरन मारून संपवली. ड्राफ्टला त्याचं नाव कोणाच्या यादीत होतं?

लोकल_डॉजर

ती मॅच मी एका क्लायंट कॉलवर कॅमेरा बंद ठेवून बघितली, त्यावर जास्त बोलत नाही.

नियमात होल्डचे पॉइंट कमी करा असं सुचवलं असतं पण लीगचा कमिशनर माझाच मॅनेजर आहे आणि ड्राफ्ट मार्चमध्ये, अप्रेझलच्या तोंडावर. त्याच्या टीममध्ये चार होल्डवाले आहेत. तेव्हा नियम तसाच राहू दे, मी सातवी-आठवी कोणाला मिळते त्याची यादी करायला घेतो.

स्लायडर_दादर

यादी आत्ता करू नकोस, स्प्रिंग ट्रेनिंगच्या (सीझनआधीच्या सरावाच्या) शेवटच्या आठवड्यात कर. तोवर निम्म्या टीम्सचा आठवीवाला बदललेला असतो. आणि रॉकीजचा कोणी घेऊ नकोस, कितीही पोरगा चांगला दिसला तरी.